घरपट्टी, शाळा आणि तेरावा ठराव

कोणताही कर देणाऱ्याला गोड लागत नाही. पण घरपट्टीइतका मनाला बोचणारा कर दुसरा क्वचितच असेल. विक्रीवरचा कर वस्तूच्या किमतीत मिसळून जातो, आणि प्राप्तीवरचा कर बहुधा पगार हाती पडण्यापूर्वीच कापला गेलेला असतो. घरपट्टी मात्र उघड आकडा होऊन दाराशी येते, आणि ज्या वस्तूपासून राहणाऱ्याला एका पैचेही उत्पन्न नाही अशा वस्तूवर रोख रक्कम मागते. घराची किंमत वाढली असे सरकार म्हणते. ते खोटे नसते. पण ती वाढ घर विकल्यावाचून हाती येत नाही, आणि घर विकले तर राहावयाचे कोठे, या प्रश्नाला आकारणीच्या कागदावर उत्तर नसते.

हे गाऱ्हाणे आपल्या देशातही जुने आहे. १८१० साली कंपनी सरकारने काशीत घरांवर कर बसविला, तेव्हा तेथील लोकांनी दुकाने बंद केली, घरे सोडली आणि हजारोंच्या संख्येने शहराबाहेर मैदानात ठाण मांडले. ब्राह्मण, लोहार, नावाडी, सर्व जातींचे लोक त्यांत होते. अखेर तो कर सरकारला सोडून द्यावा लागला. धर्मपालांनी १९७१ साली सरकारी दप्तरांतील कागद छापून ही हकीकत आपल्यासमोर ठेवली. पण काशीचा कर परक्या सत्तेने लादलेला होता. आम्हांस येथे ज्या बंडाचा वृत्तान्त सांगावयाचा आहे, ते लोकांनी स्वतःच निवडून दिलेल्या कारभाराविरुद्ध आणि पुष्कळ अंशी स्वतःच्याच मुलांच्या शाळांसाठी घेतल्या जाणाऱ्या कराविरुद्ध केले. म्हणूनच त्याचा विचार अधिक अवघड आहे. हे बंड ६ जून १९७८ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मतपेटीतून झाले, आणि ज्या ठरावाच्या रूपाने ते झाले त्याला तेथे ‘प्रपोझिशन थर्टीन’ म्हणजे तेरावा ठराव म्हणतात.

हे प्रकरण समजण्यासाठी तेथील शाळांची व्यवस्था प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. अमेरिकेत सार्वजनिक शाळा चालविण्याचे काम परंपरेने स्थानिक आहे. प्रत्येक टापूचे एक निवडून आलेले शाळामंडळ असते, आणि त्याच्या खर्चाचा मोठा भार त्या टापूतील मालमत्तेवरील कराने उचलावयाचा, ही तेथील जुनी वहिवाट. वर्षाचा चालू खर्च या कराच्या ठरीव दरातून भागतो. इमारत बांधावयाची तर मंडळ कर्जरोखे काढते आणि ते फेडण्यासाठी घराघरांवर आणखी एक आकार बसतो. असे कर्ज काढण्यापूर्वी मतदारांची संमती घ्यावी लागते. कॅलिफोर्नियाच्या १८७९ सालच्या राज्यघटनेने ही संमती साध्या बहुमताची नव्हे, तर दोनतृतीयांश मतांची असली पाहिजे असे ठरविले.

या व्यवस्थेत एक सूक्ष्म गोष्ट दडलेली आहे. लष्करावर किती खर्च करावा, हमरस्ते किती बांधावे, हे नागरिकाला कोणी थेट विचारीत नाही. पण शाळेच्या नव्या खोल्या बांधाव्या की नाही, हे मात्र त्याला मतपत्रिकेवर विचारले जाते. परिणाम असा, की सर्व करांचा साचलेला राग व्यक्त करण्यास त्याला जी एक जागा मोकळी सापडते ती शाळेची. महायुद्धानंतर जन्मलेल्या मुलांची पिढी शाळांत आली तेव्हा प्रारंभी लोकांनी हौसेने कर्जे मंजूर केली. १९६० नंतरच्या दशकात हात आखडू लागला. निम्म्याहून अधिक मते पडूनही दोनतृतीयांशांची पायरी न चढल्यामुळे कित्येक ठराव पडले. १९७० साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही अटच समतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरविली. पण पुढच्याच वर्षी वेस्ट व्हर्जिनियातील अशाच एका प्रकरणात संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने उलट निर्णय दिला, आणि दोनतृतीयांशांची अट पुन्हा उभी राहिली.

शाळांची ही रड चालू असता घरांच्या आकारणीत निराळेच नाट्य घडत होते. कॅलिफोर्नियात प्रत्येक काउंटीचा आकारणी-अधिकारी लोक निवडून देतात. कायद्याने सर्व मालमत्तेची आकारणी एकाच प्रमाणात व्हावयाची. पण मते घरमालकांची असल्यामुळे वर्षानुवर्षांची रीत अशी पडली, की राहत्या घरांची किंमत बाजारभावापेक्षा पुष्कळच कमी धरावयाची आणि दुकाने, कारखाने, कचेऱ्या यांची अधिक. ही सवलत कोणत्याही कायद्यात लिहिलेली नव्हती, पण प्रत्येक घरमालक नकळत तिच्या सावलीत राहत होता. १९६५ साली सॅन फ्रान्सिस्कोचा आकारणी-अधिकारी रसेल वोल्डन हा व्यापाऱ्यांकडून पैसे घेऊन त्यांच्या आकारण्या कमी करीत असल्याचे उघडकीस आले. तो तुरुंगात गेला. जनमत खवळले, आणि १९६६ साली विधिमंडळाने कायदा केला, की यापुढे सर्व मालमत्ता, मग ते घर असो की गिरणी, बाजारभावाच्या एकाच ठरीव प्रमाणात, म्हणजे २५ टक्क्यांनी, आकारली जावी.

लाचलुचपत बंद करण्यासाठी केलेल्या या कायद्याने सामान्य घरमालकाचे मात्र नुकसान झाले. व्यापारी मालमत्तेचा आकार खाली आला आणि घरांचा वर गेला. त्या लबाड अधिकाऱ्यालाच परत आणा, अशी मागणी करणाऱ्या पट्ट्या सॅन फ्रान्सिस्कोतील मोटारींवर झळकल्या असे सांगतात. या थट्टेत एक मोठा ऐतिहासिक अर्थ भरलेला आहे. राज्यकारभार स्वच्छ होतो तेव्हा केवळ चोरांचेच नव्हे, तर जुन्या ढिलाईने ज्यांना सांभाळून घेतले होते अशा गरिबांचेही छप्पर उडते. समाजशास्त्रज्ञ आयझॅक मार्टिन यांनी या करबंडाच्या मुळाशी हीच घटना आहे असे प्रतिपादन केले आहे, आणि आम्हांस ते बव्हंशी पटते.

इकडे शाळांच्या बाबतीत एक नवा प्रश्न न्यायालयात गेला होता. मालमत्तेच्या करावर शाळा चालवावयाची म्हणजे श्रीमंत वस्तीची शाळा श्रीमंत आणि गरीब वस्तीची गरीब, हे ओघानेच आले. सेरानो विरुद्ध प्रीस्ट या खटल्यात लॉस एंजेलिस काउंटीतील दोन गावांचे आकडे पुढे आले. १९६८-६९ साली बाल्डविन पार्क येथील लोक आकारलेल्या किमतीच्या दर शंभर डॉलरमागे ५.४८ डॉलर शाळेसाठी कर देत होते, आणि तरी त्यांच्या मंडळाला प्रत्येक मुलामागे सुमारे ५७७ डॉलरच खर्चता येत होते. बेव्हर्ली हिल्सचे धनिक दर शंभरी २.३८ डॉलर देत आणि प्रत्येक मुलामागे सुमारे १,२३१ डॉलर खर्चीत. म्हणजे गरिबाने दुपटीहून अधिक दराने कर द्यावा आणि त्याच्या मुलाला निम्म्याहून कमी मिळावे. १९७१ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धती घटनाविरोधी ठरविली आणि १९७६ च्या अखेरीस तोच निर्णय पुन्हा दृढ केला. या निर्णयाचा न्याय कोणाही सहृदय माणसाला मान्य व्हावा असाच आहे. पण त्याची दुसरी बाजू अर्थशास्त्रज्ञ विल्यम फिशेल यांनी दाखविली. आपला कर आपल्याच गावच्या शाळेला जातो, शाळा चांगली म्हणून घराला किंमत येते, या जाणिवेने घरमालक आजवर कर सोसत होता. तो दुवा तुटला तेव्हा कर नुसता कर उरला. फिशेल यांच्या या मताविषयी विद्वानांत वाद आहे. तथापि बंडाच्या अनेक कारणांपैकी हे एक असावे असे मानण्यास हरकत नाही.

यानंतर महागाईची लाट आली. १९७४ ते १९७८ या काळात दक्षिण कॅलिफोर्नियात घरांच्या किमती दुपटीच्या घरात गेल्या. नव्या कायद्याने आकारणी बाजारभावाला बांधलेली. त्यात संगणकाची मदत मिळाल्यामुळे बाजारभाव टिपण्यात पूर्वीची चुकारतट्टूपणाची सवड राहिली नव्हती. शिवाय पुष्कळ ठिकाणी सर्व घरांची फेरआकारणी दरवर्षी होत नसे, काही वर्षांनी पाळी येई. त्यामुळे वाढ एकदम कोसळे. निवृत्तिवेतनावर जगणारा वृद्ध, नवऱ्यामागे त्या घरात राहिलेली विधवा, यांचे उत्पन्न होते तेथेच राहिले आणि घरपट्टी मात्र दुप्पट झाली. वस्तुतः आकारणी वाढली तर कराचा दर तेवढ्या प्रमाणात उतरविता आला असता. म्हणजे देणे होते तेवढेच राहते. पण हाती आपोआप येणारा पैसा नाकारण्याचे धैर्य नगरसभांना आणि काउंट्यांना पुरेसे झाले नाही.

शाळांच्या बाबतीत तर विपर्यास झाला. १९७२ च्या कायद्याने प्रत्येक शाळामंडळाच्या उत्पन्नाला मर्यादा घातलेली होती, आणि स्थानिक मालमत्तेची किंमत वाढली की राज्याचे अनुदान तितके कमी होई. म्हणजे घरमालक अधिक देऊ लागला, शाळेला त्या मानाने अधिक मिळाले नाही, आणि मधल्यामध्ये राज्याची तिजोरी वाचली. प्राप्तीवरील करही महागाईबरोबर फुगत होता. १९७८ पर्यंत राज्याच्या खजिन्यात सुमारे पाच अब्ज डॉलर शिल्लक पडले. लोक घर राखण्यासाठी धडपडत असता सरकार शिल्लक मोजीत होते, आणि सवलतीच्या योजनांवर विधिमंडळात एकमत होत नव्हते. लोकांचा संताप कोणा एका पुढाऱ्याने निर्माण केला असे जे म्हणतात, त्यांनी हा हिशेब पाहावा.

पुढारी मात्र मिळाला. हॉवर्ड जार्विस हा १९०३ साली युटामध्ये जन्मलेला, वृत्तपत्रे आणि कारखाने चालवून १९६२ च्या सुमारास निवृत्त झालेला, तोंडाचा फटकळ गृहस्थ. घरपट्टी उतरविण्याचे त्याचे अनेक प्रयत्न सह्यांच्या अभावी फसले होते. लॉस एंजेलिसच्या भाड्याच्या इमारतींच्या मालकांच्या संघाचा तो पगारी कार्यवाह होता, हेही नमूद केले पाहिजे. कारण बंड घरात राहणाऱ्यांच्या नावाने झाले, पण घरे भाड्याने देणाऱ्यांचेही हित त्यात गुंतलेले होते. सॅक्रामेंटोच्या पॉल गॅन याच्याशी हातमिळवणी करून त्याने सह्या जमविण्यास आरंभ केला. पाच लाखांच्या आसपास सह्या पुरेशा असता बारा लाखांहून अधिक जमल्या.

ठरावाची कलमे थोडी आणि कडक होती. मालमत्तेवरील कर किमतीच्या १ टक्क्याहून अधिक असू नये. त्यापूर्वी तो सरासरी अडीच टक्क्यांहून वर होता. किंमत १९७५-७६ सालची धरावी. पुढे वर्षाला २ टक्क्यांहून अधिक वाढवू नये. घर विकले गेले तरच नव्या किमतीने आकारणी व्हावी. राज्याचा कर वाढवावयाचा तर विधिमंडळाचे दोनतृतीयांश सभासद आणि स्थानिक विशेष कर बसवावयाचा तर दोनतृतीयांश मतदार अनुकूल पाहिजेत. गव्हर्नर जेरी ब्राउन, शिक्षकांच्या संघटना, आणि नवलाची गोष्ट म्हणजे कित्येक मोठ्या कंपन्याही विरोधात उभ्या राहिल्या. विधिमंडळाने घाईघाईने एक सौम्य पर्याय त्याच मतपत्रिकेवर ठेवला. पण मतदानाला काही आठवडे उरले असता लॉस एंजेलिसमधील नव्या आकारणीचे आकडे लोकांना कळले आणि मग कोणाचे समजावणे उरले नाही. सुमारे ६५ टक्के मतांनी तेरावा ठराव संमत झाला, पर्याय पडला. विरोध करणारे ब्राउन दुसऱ्या दिवसापासून त्याची अंमलबजावणी हिरीरीने करू लागले.

मालमत्तेच्या कराचे उत्पन्न निम्म्याहून खाली आले. राज्याने साठविलेली शिल्लक शाळा आणि नगरसभांकडे वळविली म्हणून तत्काळ अनर्थ झाला नाही. तरी त्या वर्षीचे शाळांचे उन्हाळी वर्ग बहुतेक ठिकाणी बंद पडले. खरा बदल हळूहळू झाला. १९७९ च्या कायद्याने घरपट्टीच्या पैशाची वाटणी कशी करावयाची ते राज्य ठरवू लागले, आणि स्थानिक शाळामंडळाचा कर बसविण्याचा अधिकार नाममात्र उरला. सरकार लहान व्हावे म्हणून झालेल्या बंडाने सत्ता गावातून उचलून राजधानीत नेली. गरीब आणि श्रीमंत टापूंतील शाळाखर्चाची दरी पुष्कळशी बुजली. पण ती गरिबांना वर चढवून कमी आणि सर्वांना मध्यावर थांबवून अधिक. पुढील वर्षांत कॅलिफोर्नियाचा दर मुलामागील खर्च राष्ट्रीय सरासरीच्या खाली घसरला. सधन वस्त्यांतील पालकांनी देणग्यांचे निधी उभारले. गरीब वस्त्यांना तो मार्गही नव्हता.

कर्जरोख्यांचे तर दारच बंद झाले. १ टक्क्याच्या मर्यादेतून केवळ पूर्वी मंजूर झालेली कर्जे वगळलेली होती, त्यामुळे नवीन शाळेसाठी घरपट्टीच्या आधारावर कर्ज काढणे आठ वर्षे अशक्य झाले. १९८६ साली एका घटनादुरुस्तीने दोनतृतीयांश मतांच्या जुन्या अटीवर ते पुन्हा शक्य झाले. मार्च २००० मध्ये साध्या बहुमतावर कर्ज मंजूर व्हावे असा ठराव आला, तो पडला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ५५ टक्क्यांचा मधला मार्ग मांडण्यात आला. हिशेबतपासणी आणि नागरिकांच्या देखरेख-समितीची अट त्यास जोडली होती. तो संमत झाला, आणि त्यानंतर शाळांची पुष्कळ कर्जे मंजूर होऊ लागली. आपला पैसा कोठे जातो हे दिसण्याची सोय असेल तर लोक कर देण्यास इतके नाखूष नसतात, एवढा बोध त्यातून घेण्यासारखा आहे.

तेराव्या ठरावाचा सर्वांत चमत्कारिक परिणाम शेजाऱ्याशेजाऱ्यांतील विषमता हा होय. जुना मालक १९७५ च्या किमतीवर कर देतो, नवा मालक आपल्या खरेदीच्या किमतीवर. लॉस एंजेलिसमधील एका गृहस्वामिनीने १९८८ साली एक लाख सत्तर हजार डॉलरना साधे घर घेतले, आणि तिला सतराशे डॉलरच्या आसपास घरपट्टी आली; तशाच घरांत आधीपासून राहणारे काही शेजारी तिच्या एकपंचमांश देत होते. मालिबूच्या समुद्रकाठी एकवीस लाखांच्या प्रासादात राहणारा जुना मालकही जवळजवळ तिच्याइतकाच कर देत होता. नॉर्डलिंजर विरुद्ध हान या नावाने हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९२ साली आठ विरुद्ध एक अशा मतांनी न्यायालयाने व्यवस्था वैध ठरविली: जुन्या रहिवाशाला घरातून उखडले जाऊ नये हा हेतू योग्य आहे आणि नव्याला किती कर पडेल हे खरेदीपूर्वीच ठाऊक असते, असे कारण दिले. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांचा विरोध एकाकी राहिला. १९९० नंतर सिलिकॉन व्हॅलीत जाऊन स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना या न्यायाचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागणार नाही. २०२० साली केवळ व्यापारी मालमत्ता बाजारभावाने आकारावी असा ठराव आला. तोही थोडक्यात पडला. त्याच वर्षी मार्चमध्ये शाळांच्या इमारतींसाठी पंधरा अब्ज डॉलरच्या कर्जरोख्यांचा राज्यव्यापी ठराव मतास टाकला होता. योगायोगाने त्याचाही क्रमांक तेरा होता, आणि तोही लोकांनी नाकारला.

हे वारे एका राज्यापुरते राहिले नाही. मॅसॅच्युसेट्सने १९८० साली अडीच टक्क्यांची मर्यादा घातली. टेक्सास राज्यात व्यक्तीच्या प्राप्तीवर राज्याचा कर नाही, म्हणून शाळांचा भार घरांवर विशेष पडतो. तेथील गरीब वस्तीच्या पालकांचा खटला संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळला. १९८९ साली त्या राज्याच्याच न्यायालयाने उलट कौल दिला, आणि १९९३ पासून श्रीमंत मंडळांचा पैसा गरीब मंडळांकडे वळविण्याची पद्धती सुरू झाली. वाढत्या आकारणीची तक्रार मात्र तेथे शमली नाही. २०२३ साली राहत्या घराच्या किमतीतील शाळाकरातून मिळणारी माफी चाळीस हजार डॉलरवरून एक लाखावर न्यावी लागली.

आपल्या मुंबईने हाच धडा दुसऱ्या वाटेने गिरविला. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, घरपट्टी भाड्याला बांधलेली असल्यामुळे तीही गोठली, आणि १९७९ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने आकारणी प्रमाणभाड्याच्या मर्यादेतच व्हावी असे ठरविले. परिणामी दक्षिण मुंबईतील जुन्या मोठ्या इमारती नाममात्र कर देत राहिल्या आणि उपनगरातील नव्या लहान घरांना भारी कर पडला. २०१० पासून भांडवली मूल्यावर आकारणी सुरू झाली तेव्हा पुन्हा गाऱ्हाणी उठली. महाराष्ट्रातील शहरांत १९६२ च्या कायद्याने घरपट्टीबरोबर शिक्षणकरही येतो, हे बिल भरणारे कितीजण वाचतात कोण जाणे. तो कर गावच्या एखाद्या शाळेशी जोडलेला नाही. म्हणून त्याच्याविषयी रागही नाही आणि आपुलकीही नाही.

या सर्व वृत्तान्तावरून काय म्हणावयाचे? घरमालक कंजूष होते, शाळांचे वैरी होते, असा निर्णय देणे सोपे आहे आणि अन्यायाचे आहे. कर किती द्यावयाचा हे देणाऱ्याला आगाऊ निश्चित ठाऊक असावे, हे तत्त्व ॲडम स्मिथने १७७६ सालीच सांगितले होते. त्याचा भंग झाला तेव्हा लोक उठले. परंतु त्यांनी जो उपाय निवडला तो कराला काळाच्या एका बिंदूवर खिळून ठेवण्याचा. त्यामुळे वृद्धांची घरे वाचली, हे सत्य. आणि त्याची किंमत पुढे जन्मणाऱ्यांनी व पुढे घर घेणाऱ्यांनी भरली, हेही तितकेच सत्य. त्यावेळी त्यांपैकी कोणाला मत नव्हते. दुसरा मार्ग नव्हता असे नाही. विस्कॉन्सिनने १९६४ सालीच उत्पन्नाच्या मानाने घरपट्टी डोईजड झाली तर वृद्धांना परतावा देण्याची पद्धती सुरू केली होती. कर तहकूब ठेवून घर विकले जाईल तेव्हा वसूल करण्याचीही रीत आहे. गरजू माणसाला सांभाळावयाचे असेल तर माणसाकडे पाहावे लागते; केवळ घराकडे पाहून सवलत दिली, की ती झोपडीपेक्षा प्रासादाला अधिक मिळते.

विधिमंडळाने पाच अब्जांच्या शिलकीतून हे वेळेवर केले असते तर तेरावा ठराव बहुधा संमतच झाला नसता. न्याय्य गाऱ्हाणे दीर्घकाळ कोणी ऐकले नाही, म्हणजे ते अखेर अन्याय्य कायद्याचे रूप घेऊन येते, आणि मग तो कायदा घटनेत जाऊन बसतो. आपल्या शहरांत आज भांडवली मूल्याची आकारणी रुजत आहे, जमिनींचे भाव चढत आहेत आणि नगरपालिकांच्या शाळा ओस पडत आहेत. अशा वेळी हा इतिहास आमच्या कारभाऱ्यांनी आणि घरधन्यांनीही लक्षात ठेवावा. घर आणि शाळा यांचे वैर मुळात नाही. ते लावून देणारा हिशेब मात्र वेळीच तपासला पाहिजे.